पावडरीतला ओलावा

प्रिय बुटके,

आधी बसून घे. तुझं यंत्र बरोबर होतं! पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, आणि आज ते सगळ्या कारखान्यासमोर सिद्ध झालं. मला नाचावंसं वाटतंय, पण खालच्या मजल्यावरचे ओरडतील, म्हणून लिहीत बसलेय.

आठवतं ना, दूधपावडर ज्या नळातून खाली घसरते त्याला काचेची खिडकी पाडून आपण ती पेटी बसवली तेव्हा? तांबड्याला लागून पलीकडे असलेला, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पावडरीवर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तिच्यात पाणी किती ते जागेवरच ओळखायचं, हे ऐकून लोकांनी आपल्याला वेड्यात काढलं. तुझे प्राध्यापक तर प्रकाशाच्या त्या पट्ट्याला अडगळीची खोली म्हणायचे. सगळ्या खुणा एकमेकींवर चढलेल्या, त्यातून कळणार काय? तू मात्र हट्टाला पेटलीस. घट्ट झाकणाच्या बाटल्यांत नमुने भरून एकेक तपासलास, आकडेमोड करून डोळे लाल केलेस आणि त्या गर्दीतून पाण्याची खूण वेगळी काढलीस. लॅबचे तात्या ओव्हनमध्ये पावडर वाळवून, वजन करून उत्तर देईपर्यंत अर्धा माल पोत्यांत गेलेला असायचा. तुझी पेटी तिथल्या तिथे सांगायची.

मग दमट हवा आली आणि पेटीचं नि ओव्हनचं बिनसलं. पेटी म्हणे पावडर कोरडी, ओव्हन म्हणे ओली. खापर तुझ्यावर फुटलं. साहेबांनी भर बैठकीत तुझ्या कामाला पोरखेळ म्हटलं आणि तू त्याच संध्याकाळी राजीनामा दिलास. तेव्हापासून दादाच्या दुकानात बल्ब विकतेस, आणि मी विषय काढला की हवापाण्याचं बोलतेस. मला त्याचा फार राग येतो, आज स्पष्टच सांगते.

काल माझ्या ॲप्रनवर पावडर सांडली. आवार ओलांडेपर्यंत ती चिकट झाली आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आज सकाळी साहेबांच्या हुकमावरून फिटर पाना घेऊन पेटी कायमची उतरवायला आला, तर मी त्याला आधी चहा पिऊन यायला सांगितलं. नेहमीच्या उघड्या भांड्यात नमुना घेतला आणि तिथलीच पावडर तुझ्यासारखी घट्ट बाटलीतही भरली. दोन्ही घेऊन आवार ओलांडलं, जिना चढले, तात्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी नेहमीसारखा आधी चहा संपवला, मग नमुने ओव्हनमध्ये घातले. बाटलीचं उत्तर पेटीशी तंतोतंत जुळलं, भांड्याचं जास्त आलं. अगं, भांड्यातली पावडर वाटेत हवेतलं पाणी पीत होती!

तात्यांचा चेहरा बघायला हवा होतास. ते स्वतः खाली गेले, स्वतः नमुने आणले, पुन्हा तेच. मग म्हणाले, पोरीचं काही चुकलं नव्हतं, आमचंच भांडं उघडं होतं. आणि तसेच तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी डोळ्यांदेखत परत करून दाखवायला लावलं. दुपारी फिटरला माघारी पाठवलं, तेव्हा पोती शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सगळ्यांसमोर रडले.

आता खरं कारण. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. दूध वाळवून पावडर करणाऱ्या उरलेल्या दोन्ही ड्रायरवरही पेट्या बसवायच्या ठरल्यात, त्या कामाची प्रमुख तू हो, म्हणाले. मी म्हटलं, ती जागा तिची आहे, आणि ज्या तोंडाने पोरखेळ म्हणालात त्याच तोंडाने जाऊन तिला बोलवा. मला वाटलं, उद्यापासून आपण दोघी बल्ब विकणार. पण रविवारी सकाळी ते आणि तात्या तुझ्या घरी येताहेत, माफी मागायला. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आवाज ओळखलास की आतून कडी लावशील. लाव हवं तर. थोडा वेळ उभं राहू दे त्यांना बाहेर. पण मग दार उघड, बुटके, आणि हो म्हण.

तुझीच, अजून ॲप्रनही न काढलेली,
शिडी