पाइप फुटला कुणामुळे?

११ ऑगस्ट, सोमवार

माझ्या लेकीला, दिशाला सलाईन लावलं. सोनईच्या दवाखान्यात, दारापासून दुसरी खाट. कालपासून उलट्या, जुलाब. सात वर्षांचं पोर, डोळे पार खोल गेलेत. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गावाचा हा नववा पेशंट. आधी पाणी बघा." मी ग्रामपंचायतीत लिपिक, आणि पाणी बघायला मला डॉक्टरांनी सांगायचं! नुसता संताप संताप होतोय.

१२ ऑगस्ट

फार बघावं लागलंच नाही. मारुतीच्या पारामागे गटार तुंबलीय आणि गावाचा मुख्य पाइप त्याच गटारीतून जातो. तिथं तो हातभर चिरलाय. नळ बंद झाले की गटारीतलं पाणी आत शिरतं. पुढच्या वेळी तेच आमच्या हंड्यात!

सरपंचांना फोन केला. राधाकृष्णदादा म्हणाले, "पाइप कुनी टाकला? गोरक्षनाथनं. त्याला इचारा."

गोरक्षनाथ नाना म्हणजे माजी सरपंच. ते म्हणाले, "आमी पाइप टाकला तवा तिथं गटार हुती का? ह्यांनी काढली ती."

मग भाऊसाहेब, आमचे ग्रामसेवक. त्यांच्याकडे तीन गावं, त्यामुळे ते कायम उरलेल्या दोन गावांत असतात. "मॅडम, हा विषय मी इथं येण्याच्या अगोदरचा आहे."

तीन फोन झाले. पाइप जिथल्या तिथं.

१३ ऑगस्ट

दिशानं मऊ भाताचे दोन घास खाल्ले. पोटात राहिले.

ऑफिसात दिवसभर तोच उद्योग. सरपंच नानांवर खापर फोडतात, नाना सरपंचांच्या नावानं बिल फाडतात, भाऊसाहेब हात झटकतात, सदस्य अंग काढून घेतात. एकानं तर पावसावर ढकललं – यंदा पडतोच तसा म्हणे! आणखी दोघं पेशंट वाढले. एवढ्या लोकांत पाना हातात घेणारा एक नाही. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या गळ्यात मारायला शब्दांची कमी नाही हो!

१४ ऑगस्ट

बन्सीनं पाइप जोडला! बन्सी म्हणजे आमचा पाणी सोडणारा माणूस. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. सकाळी गुडघाभर गटारीत उतरला, चिरलेला तुकडा कापून काढला, नवा बसवला. अर्धा तास! मग टाकी धुऊन ब्लिचिंग पावडर टाकली.

सरपंच खूश झाले असतील? छे! "कुनाला इचारून केलंस? आता तपासाला साहेब येनार, त्यांना काय तुझं तोंड दाखवू?" नाना म्हणाले, "पुरावाच गायब केला ह्यानं." दोघं चार वर्षं एका टपरीवर चहा घेत नाहीत. आज मात्र एका सुरात!

१५ ऑगस्ट

झेंडा, जिलेबी, ग्रामसभा.

विषय पहिला, दूषित पाणी. दोन तास आरडाओरडा. मालनबाईंचा नातू दिशाच्या शेजारच्याच खाटेवर होता. त्या उठून म्हणाल्या, "पाइप झालाय ना नीट? मंग त्या गटारीचं बगा की आता!" त्यांना खाली बसवलं.

शेवटी दोषी सापडला. बन्सी! रोज पाणी सोडतो, त्याला कसं दिसलं नाही? कामावरून कमी करावं. सूचक – सरपंच. अनुमोदक – नाना!! मंगळवारी तालुक्याचे साहेब येऊन त्याची चौकशी करणार. त्याच्या घरात तेवढाच एक पगार येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी 'सर्वानुमते'.

ठराव मी लिहिला. लिहिणं माझं कामच आहे.

१७ ऑगस्ट

दिशा घरी आली. आल्या आल्या माझ्याशी भांडली. किती बरं वाटलं!

१९ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांनी बन्सीला विचारलं, "पाइप चिरलेला तुला कधी दिसला?"

"जूनमदी."

"मग कुणाला सांगितलंस?"

माझं पेन थांबलं. जूनमध्ये तो तीनदा माझ्या टेबलापाशी आला होता. "ताई, पाइप चिरलाय, वर कळवा." आणि मी तीनदा म्हणाले होते, लेखी अर्ज दे. त्याला लिहिता येत नाही. मला माहीत होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनालाच न्हाई, साहेब. माझंच चुकलं."

बाहेर पायरीवर त्याला गाठलं, खोटं का बोललास म्हणून विचारलं.

"तुमचं लेकरू आत्ताशी घरी आलंय, ताई. लई सोसलंय तुमी."

आत येऊन मी त्याचं उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवलं. खाली त्याचा अंगठा घेतला. शाई जरा पसरली.

२० ऑगस्ट

फळ्यावर नोटीस लावली. पाणी सोडण्यासाठी माणूस पाहिजे. लिहिता-वाचता येणे आवश्यक.

अट भाऊसाहेबांची आहे. मी फक्त लिहिली.