टाकाऊ ठरलेल्या गव्हाची वाटणी

मी, गव्हाच्या मुळांवर संशोधन करणारी, वय एकतीस, अविवाहित, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी दबाव आणलेला नाही. उलट आईने दोनदा कागद लपवला. पुढच्या आठवड्यात माझ्या मणक्याजवळची गाठ काढणार आहेत. धोका कमी आहे, असे डॉक्टर म्हणतात. किती कमी, असे विचारल्यावर "तुम्ही फार विचार करता" म्हणाले. ते उत्तर नव्हते, म्हणून हे मृत्युपत्र.

१. बँकेतली शिल्लक आईची. तिने ती गुडघ्यांवर खर्च करावी. 'पोरीचे पैसे' म्हणून तशीच ठेवली, तर हे कलम वाया गेले असे समजावे.

२. माझी खोली दादाला. त्याला ती कपडे वाळवायला हवी आहे, हे मला माहीत आहे. खिडकीची वरची कडी अडकते. जोर लावू नये, उचलून सरकवावी.

३. बारीक टोकाचा चिमटा. याने मी गव्हाच्या फुलांतले परागकोश काढून संकर केले. तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला द्यावा, जो तो न विचारता नेतो आणि टोक वाकवून परत आणतो. आता विचारायचा प्रश्नच उरणार नाही.

४. सतरा नंबरचा गहू. यात माझी सहा वर्षे गेली. हलक्या जमिनीत जस्त कमी असते. याची मुळे तेवढेही ओढून घेतात आणि दाण्यात पोचवतात. ज्यांच्या ताटात गव्हाखेरीज फारसे काही नसते, त्यांना याने फरक पडतो. पण हा गुण दिसायला जमीन वाईटच हवी. विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, अंतिम चाचणी रस्त्यालगतच्या प्लॉटवर लावली, जिथे पाहुण्यांना दाखवायचे पीक घेतात. खत भरपूर. मी हरकत घेतली.

"चांगल्या जमिनीत मागे पडतो, तो वाईट जमिनीत काय दिवे लावणार?" सर निकालाच्या बैठकीत म्हणाले. सगळे हसले. भरल्या ताटासमोर बसवून कोणाची भूक मोजता येत नाही, हे उत्तर मला जिना उतरताना सुचले.

वाण टाकाऊ ठरला. बियाणे कोंबड्यांना घालायचा आदेश निघाला. मी एक पिशवी मागितली. "टाकूनच दिलंय, ने की घरी," सर म्हणाले. तेव्हापासून ते माझे आहे, आणि म्हणूनच इथे वाटता येते.

५. घरी त्याचे दोन डबे केले. दादाने एक दळून आणला.

"अगं, गहूच होता ना? त्याला नंबर असतो हे मला काय माहीत?"

"डब्यावर चिकटवला होता."

"मला वाटलं, किंमत आहे."

पीठ चांगले निघाले, असेही तो म्हणाला. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. ते त्याच्या लक्षात आले नाही.

वहिनीने मात्र दुसऱ्या डब्यावर 'उंदरांचं औषध' अशी चिठ्ठी लावली आणि तो माळ्यावर ठेवला. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही. संस्थेच्या शीतगृहापेक्षा मला ही व्यवस्था खात्रीची वाटते. हा डबा वहिनीचा. दादाचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

६. वहिनी, साठवलेले बियाणे हळूहळू मरते. म्हणून दर वर्षी थंडी सुरू झाली की यातले मूठभर पेरा. गच्चीवरच्या कुंड्या चालतील. माती हलकी घ्या. खत घालू नका. रोपांची कीव आली तरी घालू नका. ओंब्या वाळल्या की दाणे परत डब्यात, आणि चिठ्ठी तशीच राहू द्या. "कुणी मागायला आलं तर?" असे तुम्ही विचारले होते. जो वाईट जमिनीत पेरतो म्हणेल, त्याला अर्धे द्या. बाकीच्यांना चिठ्ठी दाखवा.

७. सरांना काही नाही. वकील असलेली मावशी म्हणाली, "साक्षीदार असा बघ, ज्याला तुला काही द्यायचं नाहीये." मला शोधावे लागले नाही.

स्थळ: विभागातले खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक: संस्थेच्या जीपचे चालक. चष्मा आणायला परत गेले, सगळे वाचले. (सही)

साक्षीदार दोन: विभागप्रमुख. मला वाटले होते, न वाचता सही करतील. कलम चारवर थांबले. म्हणाले, "जमीन जास्तच चांगली होती, ते मान्य. पण हे इथे कशाला?" त्यांचे वाक्य मी त्यांच्यासमोर इथे लिहिले. त्यांनी तेही वाचले आणि पेन मागितले. (सही)