गोळीशिवायचं उत्तर

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिले, मनापासून नाहीत.)

बाबांचं लेथ मशीन मला न विचारता भंगारात घातलंस. मी चार पानं भरून तुझी खरडपट्टी काढली, तर तुझं उत्तर काय? म्हणे माझा राग समजतो, पण वर्कशॉपमध्ये जागा नव्हती. हे तू नाही, त्या गोळीने लिहिलंय. ठोके चुकतात म्हणून डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर दिली, ठीक आहे. पण गोळी घेऊन भांडणं म्हणजे हेल्मेट घालून थोबाडीत खाणं. हिंमत असेल तर गोळीशिवाय उत्तर लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.
ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न., दुरूनच.

घे, गोळीशिवायचं उत्तर! परवापासून बंद केली. रागाने अंगात जे काही उसळतं, त्याला ही गोळी काळजाच्या दाराशी थोपवते, असं डॉक्टर म्हणाले होते. आता दार सताड उघडं आहे. ते मशीन नुसतं जागा अडवून बसलं होतं. बाबा आजारी होते तेव्हा तुला यायला सवड नव्हती, आता त्यांच्या लोखंडाचा पुळका आलाय. अक्षर वाकडं येतंय, पण बरं वाटतंय.

लोभ नसावा.
धाकटा

१२ जून

ती. वन्संना,
नमस्कार. खुशाली विचारू नका.

काल ड्रिलसमोर यांची छाती धडधडायला लागली आणि हे कोसळले. दवाखान्यात ठोके कसेबसे ताळ्यावर आणले. डॉक्टर खवळले. ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, काळीज जास्तच उधळतं, म्हणाले. पुन्हा सुरू करायला सांगितलीय, तर हे घ्यायला तयार नाहीत. ताई म्हणेल घाबरला, म्हणतात. आग तुम्ही लावलीत, तुम्हीच विझवा.

तूर्त नावापुरतीच तुमची,
भावजय

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मूर्खा, हे पत्र वाचून होण्याआधी गोळी गीळ, बायकोच्या डोळ्यांदेखत. तिचं पत्र वाचून फार घाबरले मी. लेथचं विसरलेले नाही, आणि बाबांच्या आजारपणावरून जे लिहिलंस ते तर मरेपर्यंत विसरणार नाही. रविवारी येतेय, समोरासमोर भांडायला. तू हेल्मेट घालूनच बस. तुला राग यायची गरज नाही, माझा दोघांना पुरेल.

लोभ नसला तरी चालेल, गोळी असावी, ही विनंती.
ताई