श्रावणीची बोटं

हाटकेश, मंगळवार, संध्याकाळ

रविवारी माझ्या पेटीच्या क्लासच्या मुलींना सिनेमाला नेलं. त्यातले गुरुजी शिष्येच्या बोटांवर छडी मारतात आणि शेवटी ती भरल्या सभागृहात वाजवते तेव्हा डोळे पुसतात. मीही पुसले.

आज पेटीवर दहा वर्षांची श्रावणी पुन्हा कोमल गंधाराला चुकली आणि मी तिच्या बोटांवर फाडकन मारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खरंच पहिल्यांदा? हो.

तिची आई तिथेच सोफ्यावर होती. वाटलं, आता मुलीला घेऊन उठेल. ती हसली. "मारा मॅडम, बिनधास्त मारा. त्या पिक्चरमधल्यासारखं. घरी तर कुणाचं ऐकतच नाय ही."

श्रावणीने बोटं फ्रॉकला पुसली, पुन्हा पेटीवर ठेवली. या वेळी गंधार बरोबर वाजला.

"बघा!" आई म्हणाली.

जाताना त्याच लाल बोटांनी श्रावणी माझ्या पाया पडली. सिनेमात छडीनंतर मुलीची बोटं एकदाही दाखवली नव्हती, हे आत्ता लक्षात येतंय.

गंधार वाजला तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्याचीच भीती वाटतेय. गुरुवारी ती पुन्हा कुठेतरी चुकेल, आणि आई सोफ्यावर वाट बघत असेल.