तिसऱ्या कडव्याआधीचं खाकरणं

नाशिक रोड,
रविवार

आदरणीय दत्तू दाजींना मनोजचा सविनय जयभीम. आम्ही सगळे ठीक आहोत. आपला गुडघा कसा आहे? (विंचूरच्या कांद्याचा भाव मुद्दाम विचारत नाही, तो विचारला की गुडघा जास्त दुखतो असं संध्याताई सांगते.) आईची तब्येत उत्तम आहे, फक्त आठ दिवस तिने माझं डोकं खाल्लं आहे. त्याचीच ही हकिगत.

बाबांच्या गायन पार्टीची जुनी रेकॉर्ड एका कंपनीने नव्याने काढली, हे फोनवर बोललो होतोच. तिच्यावर चिठ्ठी डकवली आहे, 'संपूर्ण अ‍ॅनालॉग मास्टरिंग'. याचा अर्थ मला आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या ज्ञानेशने समजावला. (हा माझ्याच पाळीत असतो आणि बायकोपेक्षा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईला जास्त जपतो.) मूळ टेपवरून तबकडी बनवायच्या आधी आवाज नीटनेटका करतात, ते मास्टरिंग. ते जुन्या यंत्रांवर केलं तर आवाजात ऊब राहते, मध्ये कॉम्प्युटर शिरला की संपलं, असं त्याचं ठाम मत. मला प्रश्न पडला, ही ऊब कानाला कळते की चिठ्ठी वाचून? आता वीस वर्षं टर्बाइनशेजारी काढलेल्या माणसाने कानाच्या गोष्टी करू नयेत, हे मान्य. पण एकदा शंका आली की मला जेवण जात नाही, हे आपण जाणताच.

म्हणून गेल्या रविवारी ज्ञानेशला मशीनसकट घरी बोलावलं आणि त्याच्या डोळ्यांवर आईचा टॉवेल बांधला. मग कधी रेकॉर्ड, कधी तेच गाणं मोबाइलवरून, दोन्ही एकाच स्पीकरवर लावत गेलो. (सुई दोन्ही वेळा टेकवत होतो, नाहीतर तो तेवढ्यावरून ओळखायचा.) दहापैकी पाच वेळा उत्तर बरोबर आलं. पाच तर नाणं उडवूनही येतात. एकदा मोबाइलचा आवाज चोरून थोडा वाढवला, तर हा खुर्चीतून उठून म्हणतो, "हीच ती ऊब!" मी टॉवेल सोडला. तेव्हापासून तो आमच्याकडचा चहा घेत नाही.

हा तमाशा चालू असताना आई मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "दोन्हीत तुझे बाबा खाकरत नाहीत."

दाजी, रेकॉर्डवरचं हे खाकरणं मला आजवर माहीत नव्हतं. बाबांनी आईला जन्मात नावाने हाक मारली नाही. दारात येऊन खाकरायचे, की ही पाण्याचा तांब्या घेऊन पुढे. जुन्या रेकॉर्डमध्ये तिसऱ्या कडव्याआधी ते तसंच खाकरले आहेत. माझ्या जन्माआधी ती पहिल्यांदा वाजली तेव्हा आई खरोखर तांब्या घेऊन उठली होती आणि अख्खी चाळ हसली होती. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. नवी रेकॉर्ड आल्यापासून ती फक्त तेवढ्याची वाट बघत होती.

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी कौतुकाने सांगितलं, "हो सर, तिथे नको तो आवाज होता, साफ केला." कॉम्प्युटरवर? "तेवढ्यापुरता." म्हणजे संपूर्ण अ‍ॅनालॉगही गेलं आणि बाबाही गेले. मला आता वाटतं, टेप की कॉम्प्युटर हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारावं की तिथे बसलेला माणूस कचरा कशाला समजतो. मला त्याचा फार राग आला, पण त्याला तरी कोण सांगणार होतं?

ताईला आणि आमच्या भाचीला, चैतालीला, आमची आठवण सांगा, गुडघा शेकत राहा.

आपला,
मनोज

ता. क. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, असं लिहिणार होतो, पण आपल्याशी खोटं कशाला बोलू? ताईच्या लग्नात आपल्याकडे गेलेली बाबांची जुनी रेकॉर्ड, जिला आपण कुणाला हात लावू देत नाही, ती द्या. बदल्यात नवी कोरी घ्या. मी स्वतः येऊन मांडीवर धरून आणीन.

ता. क. २. आईने पत्र वाचलं. म्हणते, रेकॉर्ड हलवू नका, एसटीत फुटेल. दाजींनी तिकडेच लावावी आणि तिसऱ्या कडव्याआधी मोबाइल जवळ धरावा, तिला तेवढं पुरे. (ज्ञानेशला हे कळू देऊ नका, तो आजारी पडेल.) मंगळवारी दुपारी चारला फोन करा. आणि फोन वाजला की मी दळण आणायला बाहेर जायचं, असं तिने बजावलं आहे.