मागच्या जागेवर हरकत

२३ नोव्हेंबर, गुरुवार

झोपेचं खोबरं! आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेवर बेघरांसाठी तात्पुरता निवारा येतोय. पत्र्याचे दोन हॉल, हिवाळ्यापुरते. हरकती असतील तर द्या, असं नगरपालिकेच्या नोटिशीत.

तात्पुरतं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये नोकरीभर तात्पुरताच राहिलो. निवृत्तीनंतर इंदापुरात हा बंगला झाला – जन्मातलं पहिलं स्वतःचं घर. आणि खिडकी उघडली की हे?

२४ नोव्हेंबर

विमलनं चहाबरोबर सुनावलं, "माणसं झोपायला येणार आहेत, दरोडा घालायला नाही." बायकोनं एकदा सोसायटीची अध्यक्ष होऊन बघावं.

भांडी घासायला येणारी कुशाबाई मात्र खुशीत. मूळची पळसदेवची, हल्ली एसटी स्टँडवर पथारी. मला विचारते, "सायेब, तितं दाराला आतनं कडी असंल का वो?"

असेल, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग तास-दीड तास पेपर नुसताच धरून बसलो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

२७ नोव्हेंबर

सापडलं! बारामतीला मोहनरावांकडे जाऊन नकाशा बघितला. ते नगररचनेत होते. ही जागा नकाशात हिरवी, म्हणजे शेती विभाग. तिथं मुक्कामाची सोय बांधता येत नाही, तात्पुरतीसुद्धा. मोहनराव काहीतरी बोलत होते, "पण माधवराव, गट नंबर बघितलात का..." मी ऐकायला थांबलो नाही, बस सुटत होती.

अडचण एकच. जागेवर शेती कुठंय? नुसत्या वेड्या बाभळी. येताना बसमध्ये सुचलं – खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, तशी इथं बसवायची. आणि फोटो काढायचे.

२९ नोव्हेंबर

जोतीरामतात्या म्हणजे इथले जुने मेंढपाळ, त्यांच्या पुतण्याचा कळप बसवला. रिवाजाप्रमाणे मेंढपाळाला ज्वारी आणि चहा आमच्याकडून. सगळी सोसायटी नाकाला रुमाल लावून फोटो काढत होती.

तात्या स्वतः आता ऊस लावतात, पण मेंढरं बघून फुलले. "ह्यो आख्खा माळच आमच्या मेंढरांचा, सायेब. तुमचा बंगला हाय न्हवं, तितंबी माजा बा कळप बसवायचा. लई खत पडलंय तुमच्या घराखाली."

हेच हवं होतं! लगेच जबाब लिहून घेतला. हरकतीत ठासून मांडलं – ही मोकळी जागाच नव्हे, हा संपूर्ण गट पूर्वापार शेतीचा आहे.

४ डिसेंबर

कुशाबाई आली की मी गच्चीवर जातो.

११ डिसेंबर

हरकत मान्य. निवारा रद्द. सोसायटीत पेढे वाटले. विमलनं तिचा पेढा ताटलीतच ठेवला.

कुशाबाईनं घेतला. "कशाचा वो?" नातवाचा वाढदिवस, म्हणालो. "देव त्याला औक्षवंत करो," म्हणाली आणि पेढा पदराला बांधला. लाज वाटली. दिवसभर घरातल्या घरात फेऱ्या घालतोय.

१८ डिसेंबर

मोजणीवाले आले. निवारा रद्द झाला, आता मोजणी कसली? विचारलं तर साहेब फार नम्र. "तुमच्याच हरकतीवर आलोय, काका. मागची जागा आणि तुमची सोसायटी एकाच गटात. संपूर्ण गट शेतीचा, हे तुम्हीच पुराव्यानिशी दिलंय. तुमच्या बिल्डरनं बिनशेती परवाना घेतलेलाच नाही."

म्हणजे?

"म्हणजे इथले सगळेच बंगले अनधिकृत."

मोजणीची तिपाई माझ्या तुळशीशेजारी उभी होती. सोसायटीतलं कुणी माझ्याशी बोलेना.

१९ डिसेंबर

विमलनं कुशाबाईला सगळं सांगून टाकलं. हरकतीचं, पेढ्याचंसुद्धा. भांडी उपडी घालून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

"स्टँडवर पाण्याच्या टाकीमागं वारं लागत न्हाय, सायेब. तुमा दोघांस्नी जागा धरून ठिवू का?"