आईची पहिली फेरी

प्रिय आई,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर ते तुला बाबाच वाचून दाखवतील आणि आजच्या फेरीचं त्यांना इतक्यात सांगायचं नाही, असं तू बजावलं आहेस.

मी विमान चालवायला शिकले म्हणून वर्षभर तू माझ्याशी धड बोलली नाहीस. आज मात्र "एकदाच हं" म्हणत माझ्या शेजारी बसलीस, डोळे घट्ट मिटून. आपलं रान आलं म्हटल्यावर उघडलेस आणि ओरडलीस, "आगं, झेंडू बघ, हळद सांडल्यावानी दिसतोय!" मग गंगापूर धरणापर्यंत तुझं बोलणं थांबेना.

उतरल्यावर तुझा चेहरा पुन्हा कडक झाला. मी घाबरले. पट्टा न सोडताच तू म्हणालीस, "येवढ्यात कशाला उतरवलं? माझं विंचूरचं माहेर राहिलं ना बघायचं!"

तुझी लाडकी वैमानिक,
हर्षाली